काही घेऊ नका, मी बघतो

माझ्या सासूबाई लंडनच्या विमानतळावर एक अख्खी दुपार आणि एक अख्खी रात्र उपाशी बसून राहिल्या, त्या माझ्या सांगण्यावरून. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या घरात त्या प्रसंगाची एक वेगळीच हकीकत चालत आलेली आहे. ती सगळ्यांना पाठ आहे, पाहुण्यांनाही ऐकवून झालेली आहे. ती खोटी आहे हे ठाऊक असलेल्या दोन माणसांपैकी एक आता राहिलेलं नाही. दुसरा मी.

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुला काही विचारलं की उत्तर टपालाने येतं. लिहायला बसलोय ते त्यामुळेच. बोलायला गेलो तर तिसऱ्या वाक्याला पाणी प्यायला उठेन आणि परत येईन तेव्हा विषय बदललेला असेल.

तेव्हा आम्हाला ग्लासगोला येऊन काही वर्षं झाली होती. मी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, बायको हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगी प्रायमरी स्कूलमध्ये. सासूबाई कराडला एकट्या राहायच्या. सासरे लवकर गेले, तेव्हा त्यांनी घरच्या घरी खानावळ काढली आणि कॉलेजच्या मुलांना जेवू घालून लेकीला डॉक्टर केलं. त्यांच्या पंगतीत 'नको' या शब्दाला फारशी किंमत नव्हती. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं झालं तर ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा मुलगी बघायला गेलो तेव्हा तिसऱ्या नकोपर्यंत पोचेस्तोवर माझ्या ताटात दोन पोळ्या जास्तीच्या पडल्या होत्या.

मला त्या 'जावईबापू' म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. मी कितीदा सांगितलं, "आई, मला अरे म्हणा. मी मुलासारखा आहे तुम्हाला."

"मुलासारखे आहात ते खरं. मुलगा नाही ना," त्या हसून म्हणायच्या.

लेकीचं त्या एक ऐकत नसत. जावयाने सांगितलेलं मात्र ठरलेलं. आमच्याकडे राहायला ग्लासगोला आल्या त्याच आठवड्यात मी ऑफिसला निघताना त्यांना म्हणालो, "आई, हीटिंगच्या बटणाला हात लावू नका, ते जरा बिघडलंय. मी बघतो." आणि विसरून गेलो. संध्याकाळी घरी आलो तर बाई स्वेटरवर कोट, कोटावर शाल, पायात माझे मोजे अशा सोफ्यावर बसलेल्या. नाक लाल झालेलं.

"अगं, लावायचं ना! एक बटण तर आहे," बायको म्हणाली.

"ते म्हणाले बघतो. मग मी कशाला मध्ये हात घालू?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळे खूप हसलो. मीही.

मराठी पुरुषाचा 'बघतो' हा एक विलक्षण सोयीचा शब्द आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला येणार का, बघतो. गॅरेजचं दार कधी दुरुस्त करणार, बघतो. ऐकणाऱ्याला कळतं की हे काही होत नाही, आणि बोलणाऱ्यालाही नाही म्हटल्याचा वाईटपणा येत नाही. माझ्या ऑफिसातल्या पुण्या-नागपूरच्या पोरांना तो शब्द बरोबर ऐकू यायचा. सासूबाईंना तो वेगळा ऐकू यायचा. जावई बघतो म्हणाले म्हणजे ते काम जावयांनी अंगावर घेतलं, आता आपण त्यात पडायचं नाही.

त्या तीन-चार महिने राहिल्या. परत जायच्या थोडे दिवस आधी सुपरमार्केटमध्ये एक प्रकार झाला. चीजच्या काउंटरवर एक मुलगी नमुन्याचे तुकडे ट्रेमध्ये ठेवून उभी होती. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, एक नातीला दिला आणि दोन टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकले. एक माझ्यासाठी, एक लेकीसाठी. बायको रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले. ती भर दुकानात मराठीत कडाडली, "आई! फुकट दिसलं की हात पुढे करायचा नाही इथे. लोक बघतात. कोणी काही दिलं की नो थँक्यू म्हणायचं. म्हण बघू, नो थँक्यू."

सासूबाईंनी टिश्यूची पुडी परत ट्रेजवळ ठेवली. त्या मुलीला काही कळेना. घरी आल्यावर नातीने त्याचा खेळ केला. ती खोटाखोटा ट्रे घेऊन यायची आणि आजी मान तिरकी करून म्हणायची, "नो, थँक्यू." दोघी खिदळायच्या. बायको सिंकपाशी उभी राहून भांडी घासत होती. तिला ते ऐकू येत होतं.

हा प्रसंग मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं याच्यावर ढकललं गेलं.

आता माझ्याकडचं. त्या सुमारास विमान कंपन्यांच्या भरपाईचा युरोपचा नवा नियम आला होता. विमान ऐनवेळी रद्द झालं आणि चूक कंपनीची असली तर प्रवाशाला रोख भरपाई. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हाच विषय. माझ्या शेजारी एक स्कॉटिश सहकारी बसायचा, त्याचं स्पेनचं विमान रद्द झालं होतं. काउंटरवर त्याला पुढच्या प्रवासाचं व्हाउचर दिलं, त्याने सही करून घेतलं, आणि नंतर रोख मागितली तर म्हणाले, तुम्ही व्हाउचर स्वीकारलंत, सही केलीत, विषय संपला. तो रोज चिडून हे सांगायचा. "त्यांच्या हातून काही घेऊ नकोस, कशावर सही करू नकोस," हे त्याचं पालुपद झालं होतं. मी नियमाची प्रत छापून घेतली आणि वरवर चाळली. मला अशा गोष्टींची खाज आहे. पार्किंगचा दंड, कौन्सिल टॅक्स, गॅसचं बिल, कुठे काही चुकलेलं सापडलं की मी भांडतो. माणसांशी भांडता येत नाही मला, कंपन्यांशी येतं.

सासूबाई निघाल्या तो दिवस कामाचा होता. ग्लासगोहून लंडन, तिथून दुपारचं मुंबईचं विमान. आमच्याकडचे सगळे आईवडिलांसाठी तिकिटावर व्हीलचेअर लिहितात, पाय धड असले तरी. तेवढंच कोणीतरी बोट धरून गेटपर्यंत नेतं, भाषेची अडचण येत नाही. लेकीने सुचवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. "मी काय पांगळी आहे? चढेन की बाण बघत बघत." मी सकाळी त्यांना सोडून ऑफिसला गेलो. बायको हॉस्पिटलात होती, तिला दिवसभर फोन घेता येणार नव्हता, म्हणून काही लागलं तर माझ्या टेबलावरचा नंबर फिरवायचा असं ठरलं होतं. तो त्यांनी पर्समध्ये कागदावर लिहून घेतला होता. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. एका दिवसासाठी कशाला, असं मीच म्हणालो होतो.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. त्या आठवड्यात आमची नवी सिस्टिम सुरू व्हायची होती आणि माझ्या खुर्चीभोवती चार माणसं उभी होती.

"जावईबापू, मी बोलतेय. विमान रद्द झालं म्हणतात. एका गुजराती बाईंनी त्यांच्या मोबाइलवरून लावून दिलाय."

"रद्द? का?"

"ते काय मला कळतंय! मशीन बिघडलं म्हणतात. उद्या जाईल म्हणे. आम्हाला सगळ्यांना परत बाहेर काउंटरपाशी आणलंय. आणि इथे व्हाउचर का काय ते वाटतायत. सही मागतायत. घेऊ का?"

ते खाण्याचं कुपन होतं. त्या दुपारच्या जेवणाचं, चहाचं. सोबत रात्रीच्या हॉटेलचा कागद. मी विचारलं असतं की कसलं व्हाउचर, तर त्यांनी शेजारच्या बाईंना विचारून सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला तो शब्द ऐकू आला आणि माझ्या डोक्यात स्पेनवाला सहकारी बोलायला लागला. मशीन बिघडलं म्हणजे चूक कंपनीची. चूक कंपनीची म्हणजे भरपाई पक्की. अंगात एकदम उत्साह आला, खरं सांगतो. म्हातारी बाई परक्या देशात अडकली आहे हे मागे पडलं, आणि आता यांना दाखवतो, हे पुढे आलं.

"काही घेऊ नका, आई. त्यांच्याकडून काही म्हणजे काही घेऊ नका. कशावर सही करू नका. मी बघतो."

"बरं. मग मी इथेच बसते."

"हो, बसा. मी बघतो."

दोनदा म्हणालो.

फोन ठेवला आणि चार माणसांकडे वळलो. मध्येच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तो बराच वेळ संगीत ऐकवत राहिला. शेवटी एक मुलगी आली, तिने सांगितलं की सर्व प्रवाशांची खाण्याची आणि हॉटेलची सोय केलेली आहे, विमान उद्या दुपारी निघेल. मी विमान रद्द होण्याचं कारण विचारलं आणि लिहून घेतलं. सासूबाईंचं नाव सांगून त्या कुठे आहेत हे विचारलं नाही.

संध्याकाळी बायको घरी आली. मी तिला विमान रद्द झाल्याचं सांगितलं. ती चपला काढता काढता थांबली.

"मग आई कुठे आहे?"

"हॉटेलवर. कंपनीने सगळ्यांची सोय केलीय. मी बोललो त्यांच्याशी."

"कुठलं हॉटेल?"

"तिथलंच, एअरपोर्टजवळचं."

"पिनरच्या त्यांना सांगूया का? जवळच आहेत, बघून येतील. काही खाल्लं का तिने, कोण जाणे."

पिनरला, लंडनच्या त्याच बाजूला, आमचं एक परिचयाचं कुटुंब राहायचं. फोन केला असता तर ते गेले असते.

"अगं, झोपल्या असतील त्या. कशाला त्यांना पळवायचं?" मी म्हणालो.

हे बोलताना मला दुपारचं वाक्य आठवलं होतं. अगदी स्पष्ट आठवलं होतं. मी स्वतःची समजूत घातली की कोणीही शहाणं माणूस खोली मिळाली तर घेणारच, काही घेऊ नका याचा अर्थ इतका कोण शब्दशः घेतो. पण कोण घेतं हे मला माहीत होतं. हीटिंगची गोष्ट तर काही महिन्यांपूर्वीचीच. तरीही मी पिनरला फोन केला नाही, कारण केला असता तर बायकोला सांगावं लागलं असतं की का केला.

सकाळी लंडनच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. सासूबाई विमानतळावर बाथरूमच्या दारापाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. साखर खूप खाली गेलेली, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना मधुमेह होता. लेकीने बजावून ठेवलं होतं की प्रवासात गोळी चुकवायची नाही. त्यांनी चुकवली नव्हती. संध्याकाळची घेतली, सकाळचीही घेतली. पोटात मात्र विमानतळाच्या नळाचं पाणी; जवळ इथले पैसे नव्हते. लेकीने करून दिलेले तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे मोठ्या बॅगेत होते आणि बॅग कंपनीकडे.

बायको त्याच दिवशी गेली. मी मुलीला घेऊन शनिवारी पोचलो. ऑपरेशन झालेलं होतं. पांढऱ्या चादरीत त्या एवढ्याशा दिसत होत्या. बायको खुर्ची ओढून अगदी जवळ बसली होती.

"आई, मला एक सांग. सगळे जेवले, सगळे हॉटेलवर गेले. तू का नाही गेलीस?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे फार नाही, एखाद्याने दार लागलंय ना म्हणून पाहावं तितकंच.

"मला कुठे भूक होती?" त्या म्हणाल्या.

"नर्स सांगत होती, तिथल्या माणसांनी तीन-तीनदा विचारलं तुला. तू प्रत्येक वेळी हसून नो थँक्यू म्हणालीस."

"म्हणाले असेन."

बायकोने डोळे मिटून घेतले. ती काय विचार करतेय हे मला तिथेच कळलं. चीजचा ट्रे. तिने तोंडावर हात धरला आणि मुलीला घेऊन कँटीनला निघून गेली.

आम्ही दोघंच उरलो. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तिला काही सांगू नका, जावईबापू. डोक्यात राख घालून घेईल. तुमच्यात उगाच वाद नकोत माझ्यापायी."

"आई, माझं चुकलं..."

"तुम्ही कामात होता. मला वाटलं येताय की काय. म्हणून मी ती खुर्ची सोडली नाही. दुसरीकडे बसले तर तुम्हाला सापडणार नाही ना."

ग्लासगोहून मी कसा येणार होतो? पण बघतो म्हणालो होतो, दोनदा.

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सुरतहून त्या गुजराती बाई बोलत होत्या. हिंदीत.

"भाईसाब, आंटी ठीक से पहुँच गये? मुझे चैन नहीं पड़ता. मैंने कितना बोला, चलो मेरे साथ हॉटेल, एक ही कमरे में रह जाएँगे. बोलीं नहीं, मेरे जमाई देख रहे हैं. बहुत तारीफ़ करती थीं आपकी."

मी सांगितलं, ठीक आहेत. आभार मानले. त्या फोनबद्दल घरी बोललो नाही.

सासूबाई दोन महिन्यांनी कराडला गेल्या. काठी घेऊन, आणि या वेळी व्हीलचेअर न कुरकुरता. मी सोबत गेलो, मुंबईपर्यंत. रजा काढून गेलो याचं सगळ्यांनी फार कौतुक केलं.

आणि मग मी तो क्लेम लावून धरला. का, हे मला नीट सांगता येणार नाही. सोडून दिला असता तर बायकोने विचारलं असतं की एरवी गॅसच्या बिलासाठी भांडणारा माणूस आता गप्प का. शिवाय कोणावर तरी चिडायला हवं होतं, आणि कंपनी समोर होती. त्यांनी आधी म्हटलं, बिघाड अचानक झाला, आमच्या हाताबाहेरची गोष्ट. मी म्हटलं, विमान दुरुस्त ठेवणं हे तुमचंच काम. असं बरेच महिने चाललं. त्या भांडणासाठी मी नियम पहिल्यांदा नीट, शेवटपर्यंत वाचला. रोख भरपाई वेगळी. जेवण, चहा, हॉटेल, घरी दोन फोन, हे सगळं वेगळं. ते तर प्रवाशाला मिळायलाच हवं, आणि घेतलं म्हणून भरपाईतून काही कापत नाहीत. सहकाऱ्याने सही केली होती ती भरपाईच्या बदल्यातल्या प्रवासाच्या व्हाउचरवर. दोन वेगळ्या गोष्टींना एक शब्द. सासूबाई त्या दुपारी पोटभर जेवल्या असत्या, हॉटेलात झोपल्या असत्या, तरी क्लेम जसाच्या तसा उभा राहिला असता.

मी तक्रारीत त्यांच्या पडण्याचंही लिहिलं होतं. एका वृद्ध आजारी बाईकडे तुमच्या लोकांनी दुर्लक्ष केलं, असं. हेही मी सफाईने लिहिलं. त्यावर कंपनीचं उत्तर आलं की आमच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना वेळोवेळी खाणं आणि निवास देऊ केलं होतं, त्यांनी प्रत्येक वेळी नम्रपणे नकार दिला. बायकोने ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं.

"खरं बोलतायत रे ते," ती म्हणाली. "त्यांची काय चूक? मीच शिकवलं तिला. कोणी काही दिलं की नो थँक्यू म्हणायचं. आयुष्यभर लोकांना जेवू घालणारी बाई, आणि मी तिला दुकानात चारचौघांत..."

तो एक क्षण होता. नंतरही आले, पण तो सगळ्यात सोपा होता. ती समोर उभी होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "अगं, त्यांचा स्वभावच संकोची. तू नको मनाला लावून घेऊस."

संकोची! ज्या बाईने मला तिसऱ्या नकोपर्यंत जेवू घातलं, ती.

क्लेम मिळाला. सासूबाईंच्या नावाचा चेक आला. त्याआधी कंपनीने विचारलं होतं, रोखीऐवजी प्रवासाचं व्हाउचर घेता का, जास्त रकमेचं देऊ. मी फोनवर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता मी कुठे विमानात बसतेय!" आणि मग घाईने, मला लागलं असेल म्हणून, "पण तुम्ही जिंकलात हो. फार खटपट केलीत माझ्यासाठी."

इथल्या मराठी मंडळात ती बातमी पसरली. गणपतीला भेटला तो विचारायला लागला. कोणाचं दिल्लीचं विमान, कोणाचं दुबईचं. "काय क्लेमसाहेब, आमचं पण एक प्रकरण घ्या की." "फी काय तुमची? मोदकावर भागेल?" मी सगळ्यांना मदत केली, अजून करतो. रीडिंगहून, लंडनहून ओळखीच्या ओळखीचे फोन येतात. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: जे देतील ते आधी घ्या, खा, खोली घ्या, झोपा. भरपाईचं नंतर. लोक म्हणतात, किती माणुसकीने बोलतात. बायको शेजारी बसलेली असली तर ती मान खाली घालते. तिला वाटतं मी हे तिच्या आईच्या आठवणीने बोलतो. ते खरंही आहे.

सासूबाई पुढे काही वर्षं होत्या. घराबाहेर फारसं पडणं झालं नाही. खानावळीतली जुनी मुलं, आता केस पिकलेली, भेटायला यायची, तर यांना उठून वाढता येत नसे, त्याचं त्यांना फार लागे. मला फोनवर कधी काही म्हणाल्या नाहीत. एकदाच, जाण्याच्या आधीच्या दिवाळीत, बायको फोन माझ्या हातात देऊन फराळाचं बघायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंत का हो कधी?"

"नाही, आई."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण ती अजून रडते हो माझ्याजवळ, त्या चीजवरून. मी सांगून सांगून थकले की तसं काही नव्हतं. माझं ऐकतच नाही."

त्यांनी मला त्या 'सांगू नका'तून मोकळं केलं होतं की नाही, यावर मी खूप विचार केला आहे. केलं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी म्हणालो, "बघतो."

त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. बायको अजूनही सुपरमार्केटमध्ये चीजच्या काउंटरकडून जात नाही, मागच्या रांगेतून वळसा घालते. मी ट्रॉली घेऊन तिच्या मागे जातो.

मुलगी आता मोठी झाली, कॉलेजात आहे. मराठी बोलते, पण मोडकं. गेल्या महिन्यात ती मैत्रिणींबरोबर युरोपला निघाली होती आणि आईची सूचनांची सरबत्ती चालली होती. औषधं घे, वेळेवर खा, लाजू नकोस. लाजू नकोस हे तीनदा झालं. मुलगी वैतागली आणि म्हणाली, "मम्मा, एनफ. मी आजी नाही. तू आजीला ओरडला म्हणून ती उपाशी बसला. मला नको सांगू."

लिंगं सगळी चुकलेली, पण वाक्य कळायला काही अडचण नव्हती. लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं. तिच्या आईच्याच तोंडून.

बायकोने मुलीच्या बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली, आतला एक टॉवेल सरळ केला, पुन्हा लावली. मुलीला बोलून गेल्याचं लगेच वाईट वाटलं, ती येऊन आईच्या गळ्यात पडली. "सॉरी, मम्मा. आय डिडन्ट मीन इट."

"खरंच आहे ते," बायको म्हणाली.

मी तिथेच होतो, दाराला टेकून. मुलीने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बाबा, काहीतरी बोल. मी म्हणालो, "चला, उशीर होतोय, ट्रेन चुकेल." आणि बॅग उचलून खाली गाडीत ठेवायला गेलो.

आतापर्यंत तो सल आम्हा नवरा-बायकोपुरता होता, आणि मी मनात म्हणायचो की माझ्या गप्प बसण्याने फक्त जुनं दुःख जिथल्या तिथे राहतं. आता ते माझ्या मुलीच्या हातात गेलं आहे. ती ते पुढे नेईल, कदाचित आपल्या मुलांनाही सांगेल, की आमच्या आईने आजीला ओरडून उपाशी मारलं. आणि ते ऐकताना माझ्या बायकोला दर वेळी तसंच बॅगेची चेन लावत, उघडत बसावं लागेल.

मुलगी सुट्टी संपवून येत्या रविवारी घरी येईल. त्या दिवशी तिघंही जेवायला असू.

विमान कंपनीने सासूबाईंना द्यायचं ते दिलं. मी माझ्या बायकोला द्यायचं ते दिलेलं नाही. तिची आई तिच्यामुळे उपाशी बसली नव्हती, माझ्यामुळे बसली होती, हे मला मुलीच्या देखत तिला तोंडाने सांगायचं आहे. एवढं देणं अजून बाकी आहे.